खाऱ्या काठावरची पेशी

तिवराचे पान जिभेला लावले तर खारट लागते. पावसाळा सरून कोरडे दिवस लागले की भर दुपारी त्याच पानावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. विक्रोळीच्या पूर्वेला, वस्ती संपून ठाणे खाडीचा चिखल सुरू होतो तिथे, ही झाडे दाटीने उभी आहेत. त्यातला मोठा पट्टा गोदरेजच्या जमिनीवर अनेक वर्षे राखला गेला आहे. जरा उत्तरेला सरकले की कांजूर-भांडुपची मिठागरे लागतात. तिथे माणूस खाडीचे पाणी अडवतो आणि ऊन त्याचे मीठ करते. तिवराचे झाड हाच उद्योग आपल्या पानावर करते, शिवाय ते करताना जिवंत राहते. ते कसे जमते हे शोधत गेले की पेशीचे जवळजवळ सगळे भाग वाटेत भेटतात. पुढचे पुस्तक त्या वाटेने जाणारे आहे आणि ही प्रस्तावना तिची तोंडओळख.

शाळेत पेशी शिकवली जाते ती दोन आकृत्यांतून. चौकोनी ती वनस्पतीची, गोल ती प्राण्याची. दोन्हींतून बाण बाहेर काढलेले आणि बाणांच्या टोकाला नावे. कन्नमवार नगर-टागोर नगरातली मुलेही या आकृत्या सुबक काढतात आणि त्यांना त्याचे गुणही मिळतात. तंतुकणिका म्हणजे काय, तर ऊर्जाघर. लयकारिका म्हणजे काय, तर आत्मघाती पिशवी. उत्तर तयार असते, पण ती ऊर्जा खर्च कशावर होते असे विचारले की वर्ग गप्प होतो. मुलांचा यात काही दोष नाही. आकृतीतली पेशी कुठेच राहत नाही. तिच्याभोवती कोरा कागद असतो. कोऱ्या कागदावर पेशीला काही करावेच लागत नाही, मग तिच्या भागांचे काम कळणार कसे? म्हणून तिला आधी कुठेतरी ठेवले पाहिजे. आम्ही तिला खाडीत ठेवली आहे, कारण तिथे तिला क्षणभरही स्वस्थ बसता येत नाही.

मीठ पेशीचे काय करते हे उन्हाळ्यात लोणचे घालणाऱ्या प्रत्येक घराला ठाऊक असते. कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की त्यांना पाणी सुटते. ते पाणी फोडींच्या पेशींतून आलेले असते. बाहेर क्षार जास्त, आत कमी, म्हणून पाणी पेशीपटल ओलांडून बाहेर पडते. पुस्तकात याला परासरण म्हणतात. उलटा प्रकारही तितकाच घातक. रक्तातल्या तांबड्या पेशी साध्या शुद्ध पाण्यात सोडल्या तर पाणी आत घुसून त्या फुटतात. म्हणूनच दवाखान्यात शिरेतून चढवतात ते सलाईन साधे पाणी नसते. त्यात एका लिटरला ९ ग्रॅम मीठ असते. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळपास चौपट. खाडीचा आकडा तर ठरलेलाही नसतो. भर पावसात तिचे पाणी पातळ होते, एप्रिल-मेमध्ये जड होते, आणि भरती-ओहोटीबरोबर दिवसातही बदलत राहते. अशा पाण्यात मुळे रोवून उभे राहायचे म्हणजे एकाच वर्षात लोणच्याचीही परीक्षा द्यायची आणि साध्या पाण्याचीही.

या परीक्षेत पहिला संबंध येतो पेशीपटलाशी. आकृतीत ती एक रेघ असते, आणि बहुधा घाईत ओढलेली. प्रत्यक्षात पटलाची जाडी एका मिलिमीटरच्या साधारण सव्वा लाखाव्या भागाएवढी आहे: मेदाच्या रेणूंचे दोन थर आणि त्यांत रुतलेली, तरंगणारी प्रथिने. हे चित्र सिंगर आणि निकोल्सन यांनी १९७२ साली मांडले. मेदाचा थर सोडियमला वाट देत नाही. पाण्याला मात्र स्वतंत्र दारे आहेत. त्यातले पहिले दार पीटर अग्रे यांना तांबड्या रक्तपेशींच्या पटलात सापडले आणि ते पाण्याचेच असल्याचे १९९२ साली सिद्ध झाले. २००३ साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळाले. तशीच दारे वनस्पतींच्या पेशींतही आहेत. पाणी जाऊ द्यायचे आणि मीठ अडवायचे, हा पटलाचा मूळ स्वभाव. तिवर त्याचा उपयोग थेट मुळात करून घेते. मुळाच्या आतल्या एका थरात पेशींच्या भित्तिका मेणचट पदार्थाने बुजवलेल्या असतात. पाण्याला भित्तिकांमधल्या फटींतून चोरून वर जाता येत नाही. कुठेतरी पटल ओलांडावेच लागते. तिथेच बहुतेक मीठ मागे राहते. त्याच खाडीतले कांदळ तर जवळजवळ सगळा बंदोबस्त मुळातच उरकते. त्याच्या पानांवर मिठाच्या ग्रंथी नाहीत. तिवराच्या बाबतीत थोडे मीठ निसटून वर जाते आणि तिथून पुढची गोष्ट सुरू होते.

इतिहासाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तो सगळ्या पुस्तकांत असतो. रॉबर्ट हूक यांनी १६६५ साली बुचाच्या कापात जे कप्पे पाहिले, त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भित्तिका होत्या. केंद्रकाला नाव मिळाले १८३१ साली, रॉबर्ट ब्राऊन आमरांच्या म्हणजे ऑर्किडच्या पेशी पाहत होते तेव्हा. श्लायडेन यांनी १८३८ साली वनस्पतींबद्दल आणि श्वान यांनी १८३९ साली प्राण्यांबद्दल सांगितले की सजीवांची शरीरे पेशींची बनलेली असतात. नवी पेशी जुन्या पेशीतूनच येते हे विधान फिरखोव यांच्या नावावर आहे, पण रेमाक यांनी ते आधीच दाखवले होते. आता पुन्हा खाडीकडे.

वर निसटलेल्या मिठाचे पानातल्या पेशी काय करतात? मोठा वाटा रिक्तिकेत कोंडतात. शाळेच्या वहीत रिक्तिका म्हणजे 'साठवण' एवढ्या एका शब्दात संपते, आणि मला तो या विषयातला सगळ्यात मोठा अन्याय वाटतो. वाढ झालेल्या वनस्पतीपेशीत रिक्तिका आकारमानाचा नव्वद टक्क्यांपर्यंत भाग व्यापते. केंद्रक, हरितलवके, पेशीद्रव्य हे सगळे तिच्या रेट्याने कडेला सरकलेले असते. तिच्या पटलात पंप असतात; ते सोडियम आत ओढून घेतात. त्यामुळे पेशीद्रव्यातल्या विकरांना मिठाचा उपद्रव होत नाही. मात्र रिक्तिका खारट झाली की पेशीद्रव्यातले पाणी तिच्याकडे ओढले जाऊ लागते, म्हणून पेशीद्रव्यही स्वतःत काहीतरी विरघळवून तोल राखते. तिवराच्या पेशी त्यासाठी ग्लायसीन बीटेन नावाचा निरुपद्रवी रेणू बनवतात. रिक्तिका अशी भरली की ती भिंतीवर आतून दाब देते आणि पान ताठ राहते. दाबाला उलट उत्तर देणारी पेशीभित्तिका बाहेर असते म्हणून पेशी फुटत नाही. प्राण्यांच्या पेशीला भित्तिका नाही, म्हणून तिला एवढी मोठी रिक्तिका परवडणारही नाही. भित्तिका आणि मोठी रिक्तिका या तक्त्यात दोन वेगळ्या ओळी असल्या तरी त्या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत.

तक्त्यांबद्दल आणखी एक सांगून टाकतो. 'वनस्पतीपेशीला भित्तिका असते, प्राणीपेशीला नसते' हे वाक्य पाठ केलेल्याने मिठागरात राहणाऱ्या ड्युनालिएला या हिरव्या शैवालाची भेट घ्यावी. जगभरच्या मिठागरांच्या अतिखाऱ्या पाण्यात ते सापडते, त्याला हरितलवक आहे, पण टणक भित्तिका नाही. बाहेरचा खारटपणा बदलला की ते आत ग्लिसरॉल कमी-जास्त करून तोल साधते. भित्तिका नसल्यामुळे त्याची एकुलती पेशी फुगते आणि आक्रसते. तक्ता परीक्षेपुरता ठीक आहे.

रिक्तिकेतही न मावणारे मीठ पानावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकले जाते. या ग्रंथीतल्या पेशी नेहमीच्या चौकोनी आकृतीशी अजिबात जुळत नाहीत. त्यांत मोठी मधली रिक्तिका नाही, हरितलवके नाहीत; दाट पेशीद्रव्य आणि त्यात तंतुकणिकांची गर्दी. कारण उघड आहे. मीठ कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूकडे ढकलायचे तर ऊर्जा लागते. ग्रंथीच्या बुडाशी असलेल्या पेशीच्या भित्तिकाही मेणचट थराने बंद केलेल्या असतात, म्हणजे बाहेर टाकलेले मीठ भिंतींमधून पुन्हा पानात झिरपत नाही.

आता ओहोटीच्या वेळी त्याच चिखलात चरणाऱ्या रोहित पक्ष्याकडे पाहा. हिवाळ्यात ठाणे खाडीत रोहितांचे थवे येतात आणि उन्हाळ्यापर्यंत राहतात; त्यांच्यामुळेच खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली रामसर यादीत गेला. रोहितालाही खाऱ्या पाण्यातूनच अन्न गाळावे लागते. त्याची मूत्रपिंडे एकट्याने ते मीठ काढू शकत नाहीत. त्याच्या डोळ्यांच्या वर ग्रंथी असतात आणि त्यांतून गाढ खारट पाणी नाकपुड्यांवाटे ठिबकते. समुद्रपक्ष्यांमधल्या या ग्रंथींचे काम क्नुट श्मिट-निल्सन यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीस उलगडले. त्या ग्रंथीतली पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली तर काय दिसते? तंतुकणिकांची गर्दी आणि घड्या घातलेले पटल. म्हणजे तिवराच्या पानातली आणि पक्ष्याच्या डोक्यातली, अशा दोन पेशी एकाच कामामुळे एकमेकींसारख्या दिसू लागल्या आहेत, आणि दोन्ही आपापल्या जातभाईंपेक्षा वेगळ्या. पेशीचे रूप तिच्या कुळावरून जितके ठरते तितकेच तिच्या कामावरून ठरते, हे या पुस्तकाचे मुख्य म्हणणे आहे. बाकीची प्रकरणे त्याची उदाहरणे आहेत.

तरीही कूळ पुसले जात नाही. ते पंपात दिसते. प्राण्याची पेशी सोडियम-पोटॅशियम पंपावर चालते: दर फेरीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. आपण स्वस्थ झोपलेले असतो तेव्हाही शरीराच्या ऊर्जेचा मोठा वाटा हा पंप खातो. तो सापडला कशात, तर खेकड्याच्या पायातल्या चेतातंतूंत. येन्स स्काऊ यांनी १९५७ साली डेन्मार्कमध्ये ते काम प्रसिद्ध केले आणि नोबेल मिळायला १९९७ साल उजाडले. आपण चिंबोरीच्या कालवणात नांग्या फोडतो तेव्हा त्या चेतातंतूंचा विचार करत नाही, ते बरेच आहे. जमिनीवरच्या वनस्पतींत हा पंप नाही. त्यांचा मुख्य पंप प्रोटॉन बाहेर ढकलतो. मग ते प्रोटॉन आत परतताना त्यांच्या बदल्यात सोडियम बाहेर निघते. चौकोन आणि गोल यांच्यातला खरा फरक शोधायचा असेल तर इथे शोधावा. तो आकृतीत कधीच दिसत नाही.

तंतुकणिकांचा विषय निघालाच आहे तर एका गैरसमजाकडे वळू. तो पदवीच्या वर्गापर्यंत टिकतो: प्राण्यांना तंतुकणिका, वनस्पतींना हरितलवके, म्हणजे जणू दोघांनी दोन वेगवेगळी यंत्रे वाटून घेतली. विक्रोळीच्या चिखलात हा समज पाच मिनिटांत मोडतो. तिवराच्या भोवती चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे सरळ वर आलेली असतात, एका झाडाभोवती शेकड्यांनी. ती श्वसनमुळे आहेत. चिखलाखालच्या मुळांना ऊन नाही, त्यामुळे हरितलवके नाहीत. पण त्या पेशींत तंतुकणिका आहेत आणि त्यांना प्राणवायू हवा. खाडीचा चिखल बोटभर खोल गेला की काळा होतो आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा. प्राणवायूवाचून जगणारे, केंद्रक नसलेले जीवाणू तो तयार करतात. हा वायू तंतुकणिकेतल्या श्वसनसाखळीचा शेवटचा टप्पाच बंद पाडतो, मग ती तंतुकणिका मुळाची असो वा माणसाची. म्हणून झाड चिखलातून वर येऊन हवा घेते आणि मुळातल्या पोकळ उतींतून खाली पोचवते. पानाची पेशी दिवसा साखर बनवते, आणि रात्रंदिवस तीच साखर तंतुकणिकांत जाळतेही. वनस्पतीपेशीत दोन्ही आहेत. प्राणीपेशीत त्यातले एकच.

ही दोन्ही अंगके मुळात पेशीची नव्हेतच, हे आता सर्वमान्य आहे. तंतुकणिका आणि हरितलवक दोघांना दुहेरी पटल आहे, स्वतःचा डीएनए आहे, स्वतःचे रायबोझोम आहेत, आणि ती स्वतः दुभागून वाढतात. कधीकाळी मोठ्या पेशीने आत घेतलेल्या जीवाणूंचे ते वंशज. रशियातल्या मेरेश्कोव्स्की यांनी १९०५ साली हरितलवकांबद्दल हे सुचवले तेव्हा फारसे कोणी मनावर घेतले नाही. लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ते पुन्हा मांडले आणि पुढे डीएनएच्या पुराव्याने वाद मिटवला. हरितलवकाचे पूर्वज नीलहरित जीवाणू. त्यांचे मोकळे राहिलेले भाऊबंद आजही खाडीच्या चिखलावर आहेत. लहान रोहित तेच गाळून खातो. त्यांच्यातली कॅरोटिनॉइड द्रव्ये पक्ष्याच्या यकृतात रूप बदलतात आणि पिसांत गुलाबी होऊन बसतात. म्हणजे किनाऱ्यावरच्या तिवराची हिरवाई आणि चिखलावरच्या थव्याचा गुलाबी रंग एकाच घराण्यातून आले आहेत. खाडीकडे बघताना मला हे दर वेळी नवल वाटते. शिकवून शिकवून ते जुने झालेले नाही.

केंद्रक, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड यांना इथे कमी जागा मिळाली आहे, पण आत मिळेल. तूर्त एवढेच की ज्या पंपांबद्दल आपण बोललो त्यांची कृती केंद्रकातल्या डीएनएमध्ये लिहिलेली असते. तिची नक्कल बाहेर येते, जालिकेला चिकटलेले रायबोझोम त्यावरून प्रथिन विणतात, गॉल्जी पिंडात त्याची जुळणी होते आणि पुटिकेत बसून ते पटलापर्यंत पोचते. कामिल्लो गॉल्जी यांनी हा भाग १८९८ साली घुबडाच्या चेतापेशींत पाहिला आणि पुढे अर्धशतक कित्येक तज्ज्ञ तो रंगवण्याच्या प्रक्रियेतून उद्भवलेला भास समजत राहिले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९५० च्या दशकात भास नसल्याचे दाखवून दिले. ही सगळी साखळी तिवरात आणि रोहितात सारखीच आहे, आणि भातातही. चेन्नईच्या एम. एस. स्वामिनाथन संशोधन प्रतिष्ठानातल्या शास्त्रज्ञांनी तिवराची जनुके भातात घालून खारटपणा सोसणारी रोपे तयार केली, ती या सारखेपणाच्या आधारावर. खारेपाटातल्या शेतकऱ्याला या प्रयोगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

पेशीविभाजन या पुस्तकात मुद्दाम घेतलेले नाही. तो विषय घाईने उरकण्याजोगा नाही आणि खाडीचा त्याच्याशी खास संबंधही नाही. कर्करोगाबद्दल वाचायला म्हणून पुस्तक हाती घेतलेल्यांची निराशा होईल.

शिक्षकांसाठी शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. प्रयोगासाठी तिवराची पाने तोडू नयेत. कांदळवनांना कायद्याचे संरक्षण आहे. ती नष्ट करण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने आधी २००५ साली आणि मग २०१८ च्या निकालात बंदी घातली आहे. खारट चव पाहायला गळलेले कोरडे पान पुरते. पेशी पाहायला स्वयंपाकघरातला कांदा आणि गालाच्या आतून हलकेच खरवडलेला थर हे जुनेच मार्ग उत्तम आहेत, पण त्यांत तंतुकणिका दिसल्या नाहीत म्हणून मुलांनी हिरमुसू नये. शाळेतल्या सूक्ष्मदर्शकातून, साध्या रंगाने, त्या दिसत नाहीत, आणि रायबोझोम तर कुठल्याच साध्या सूक्ष्मदर्शकातून दिसत नाहीत. त्याऐवजी कुंडीतल्या ऱ्हिओच्या पानाची खालची जांभळी साल सोलून घ्यावी. रंग रिक्तिकेतच असल्यामुळे ती न रंगवताही दिसते. काचपट्टीच्या कडेला मिठाच्या पाण्याचा थेंब सोडला की जांभळा भाग भित्तिकेपासून सुटून मध्ये गोळा होतो. मग टिपकागदाने ते पाणी ओढून साधे पाणी सोडले की तो पुन्हा पसरतो. मिठात फार वेळ राहिलेल्या पेशी मात्र परत भरत नाहीत. किती मीठ आणि किती मिनिटे, हे पुस्तकात दिलेले नाही. ते वर्गाने घड्याळ लावून मोजावे आणि तिवराच्या प्रकरणाआधी फळ्यावर लिहून ठेवावे.